जमादारांचा सुभेदार

१० जानेवारी १९७२, सोमवार. रुपये सातशे बेचाळीस, पैसे पंचाहत्तर. एवढी रक्कम मोजून आमच्या कचेरीचे निवृत्त जमादार महादेवराव झाडे यांनी कुहीकडच्या एका मालगुजाराच्या घरून घोडा विकत आणला. वरचे पंचाहत्तर पैसे कसले, असे मी विचारले. ते म्हणाले, "नारळाचे. मालगुजाराच्या दारातून जनावर बिना नारळाचं निघत नाही, बाबूजी." नारळ विकणाऱ्याने फोडायचा की घेणाऱ्याने, हा प्रश्न मी काढला नाही. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, सरकारने वीस वर्षांपूर्वीच काढून घेतली होती. घोडा काढून घ्यायचे तेवढे राहून गेले होते आणि ते काम आता महादेवरावांनी केले.

जमादार म्हणजे चपराशांमधला वरचा माणूस. कमरेला लाल पट्टा, छातीवर पितळी बिल्ला. तेहतीस वर्षे महादेवराव साहेबांच्या दाराबाहेर उभे राहिले. त्यातली पहिली आठ चपराशी म्हणून आणि पुढची सगळी जमादार म्हणून. भेटीला येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या ते गोळा करीत आणि पत्ते लावावेत तशा लावून आत नेत. साहेब वरची चिठ्ठी आधी बोलावीत, कारण ती वर होती. एकदा कळमेश्वरहून आलेला एक कारखानदार अडीच तास बाकावर बसून राहिला, कारण त्याने महादेवरावांना "ए भय्या" म्हणून हाक मारली होती. दार साहेबांचे होते, क्रम महादेवरावांचा होता. साहेब अकरा बदलले.

डिसेंबर १९७१ मध्ये ते निवृत्त झाले. मुलगा नव्हता, एकच मुलगी उमरेडला दिलेली. जावई रुपराव याचे तिथे लुगड्यांचे दुकान होते. रुपरावने मोठ्या आपुलकीने सांगितले, "मामाजी, इकडंच या. दुकानात बसा. गिऱ्हाईक गादीवर चढते तं चपला खाली राहतात, त्यायच्यावर नजर ठेवाले घरचा माणूस पाह्यजे." महादेवरावांनी ते पत्र मला वाचायला दिले आणि मी वाचत असताना माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मी हसलो नाही. हसलो असतो तर हा लेख लिहिण्याइतका त्यांचा माझा संबंध राहिला नसता.

तर चपला राखायच्या नव्हत्या म्हणून त्यांनी टांगा घेतला. लहानपणी मामाचा टांगा हाकलेला होता, त्यामुळे हात होता. घोडा नऊ वर्षांचा, तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. मालगुजाराच्या बग्गीला जुंपलेला होता, म्हणजे ओढायची सवय होती. त्याचे जुने नाव मोती. महादेवराव स्वतः जमादार म्हणून निवृत्त झाले होते. घोड्याला त्यांनी एक बढती देऊन त्याचे नाव सुभेदार ठेवले. निवृत्तीवेळी मिळालेल्या उपदानाच्या रकमेतून घोडा आणि जुना टांगा वजा करता हातात फारसे काही उरले नाही. हे जमले नाही तर उमरेडच्या चपला होत्याच.

अडचण निघाली ती राहायच्या जागेची. महादेवरावांच्या चाळीत घोडा सोडा, सायकल ठेवायला भांडण होई. दोन तबेले भरलेले निघाले. गणेशपेठेच्या मागे रंभाबाईचा तबेला होता, तिथे एक जागा रिकामी होती. रंभाबाई पन्नाशीची, टांगेवाल्याची विधवा. नवऱ्यामागे तिने टांगा विकला आणि तबेला ठेवला, कारण तिच्या मते टांग्याला गिऱ्हाईक लागते आणि तबेल्याला फक्त घोडे लागतात. महिना अठरा रुपये, चारा मालकाचा, पाणी आणि झाडलोट तिची, लीदही तिची. लीद ती बागवाल्यांना विकी.

महादेवरावांनी तबेला असा पाहिला, जसा साहेब दौऱ्यावर गेल्यावर पाहतात. मग दाराजवळच्या, हौदाला लागून असलेल्या, घोडा बांधायच्या पहिल्या ठाणाकडे बोट दाखवले.

"हे आपल्याले चालेल."

"तुमाले चालेल, पण थे गेंदीचं आहे," रंभाबाई म्हणाली. "तुमच्या घोड्याले थे शेवटचं. बारक्याच्या बाजूचं."

गेंदी म्हणजे धोंडबा टांगेवाल्याची घोडी. वय अठरा, पाठ खाटेसारखी खोल गेलेली, एक डोळा नाही. बारक्या म्हणजे एक ठेंगणे टट्टू, ते गोळी-सोड्याच्या बाटल्यांची गाडी ओढी आणि त्याच्या अंगाला कायम लिंबाचा वास येई.

"बाई, हा मालगुजाराचा घोडा आहे. सोडावाल्याच्या टट्टूजवळ बांधाचा का?"

"मालगुजाराकडं किती घोडे होते?"

"हा एकच."

"मंग याले घोडा काय असते हेच ठाऊक नाई," रंभाबाई म्हणाली. "सोबतीले कोण होतं?"

महादेवरावांनी जरा आवाज उतरवून सांगितले, "बकरी."

रंभाबाईने अट घातली. एकवीस दिवस. एकवीस दिवसांत जनावर बाकीच्या पाचांत मिळून खाऊ-पिऊ लागले तर ठेवायचे, नाही तर न्यायचे. "एक जनावर भांडकुदळ निघालं तं माह्यी पाच जनावरं रोडावतात. मले परवडत नाही." १२ जानेवारीला, बुधवारी, दारात अडून अडून घोडा आत आला, म्हणजे मुदत २ फेब्रुवारीला संपणार होती. महादेवरावांनी ही तारीख माझ्या डायरीतही लिहून ठेवायला लावली.

नवे जनावर मिळवून घेण्याची रंभाबाईची एक रीत होती. पहिले आठ दिवस नव्याच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये बांबूची ताटी. दिसायचे, हुंगायचे, पण दात पोचायचा नाही. दुसरे म्हणजे रिकामी पोती. कामावरून आलेल्या घोड्यांचा घाम ती पोत्याने पुसून घेई आणि ते पोते नव्याच्या गव्हाणीशी टांगी. नव्याच्या घामाचे पोते उरलेल्यांच्या बाजूला. तिसरे म्हणजे आवारात कडबा टाकायचा तर जनावरांच्या संख्येपेक्षा दोन ढीग जास्त टाकायचे, म्हणजे हाकललेल्याला जायला ढीग असतो. याला पुस्तक नव्हते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "याच्यात काय शिकाचं आहे? घरात पाव्हणा आला तं पाट जास्तच मांडते ना माणूस."

महादेवरावांनी पहिल्याच दिवशी पोते काढून फेकले. "दुसऱ्याच्या घामाचं बारदान माह्या घोड्याच्या तोंडासमोर? कोणाकोणाचा घाम आहे याच्यात?" रंभाबाईने ते उचलून पुन्हा टांगले. त्यांनी पुन्हा काढले. चौथ्या वेळी तिने पोते टांगले आणि झाडूही त्याच खुंटीला अडकवला. त्यानंतर पोते राहिले.

सुभेदार दोन दिवस खिंकाळत होता. तोंडाला बांधायच्या तोबऱ्यातला भिजवलेला हरभरा तसाच परत येई. महादेवराव म्हणत, अपमानाने खात नाही. रंभाबाई म्हणे, बकरीची आठवण येते. तिसऱ्या दिवशी तो पोते हुंगत हुंगत कडबा खाऊ लागला. पण महादेवरावांचे लक्ष खाण्याकडे नव्हते. ते संध्याकाळच्या लोळणीकडे पाहत होते.

तबेल्याच्या मागे भिंतीने वेढलेले मोकळे आवार होते. त्याच्या मधोमध कन्हान नदीची वाळू आणि लोहाराकडची राख मिसळून टाकलेली गादीएवढी जागा. दिवसभर जुंपलेले घोडे संध्याकाळी सोडले की त्या जागी लोळत. लोळले की घाम सुकतो, खाज जाते, पाठ मोकळी होते. जागा एक, घोडे पाच, म्हणून ते एकेक करून जात. आधी गेंदी. ती निवांत चारही पाय आभाळाकडे करून लोळे, उठे, अंग झाडे, मग दुसरा. बारक्या सगळ्यांत शेवटी. हा क्रम कोणी लावला होता, हे टांगेवाल्यांपैकी कोणालाच सांगता येईना.

"म्हणजे इथं काहीच सिस्टीम नाही," महादेवराव मला म्हणाले. रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले होते. "एक डोळा नसलेली म्हातारी पहिली जाते आणि कोणी विचारत नाही. असं आपल्या कचेरीत चाललं असतं का बाबूजी? सीनियारिटी पाह्यजे. लेखी पाह्यजे."

मी त्यांना समजावायला हवे होते. पण कॉमर्सच्या शिक्षणाचा दोष असा की रकाने आखलेला कागद समोर आला की त्यात भरलेले खरे वाटू लागते. सोमवारी साडेपाचनंतर कचेरीच्या यंत्रावर मी यादी टाइप केली, तीन प्रतींत. मथळा: जनावरांची ज्येष्ठता यादी. रकाने: अनुक्रमांक, नाव, वय, मूळ ठिकाण, मालक, मालकाची एकूण नोकरी, शेरा. 'मालकाची एकूण नोकरी' हा रकाना महादेवरावांनी सुचवला. टांगेवाल्यांपैकी कोणीच नोकरी केलेली नसल्याने त्या रकान्यात चार जणांसमोर शून्य आले, सोडावाल्यासमोरही शून्य आले आणि महादेवरावांसमोर तेहतीस. त्यामुळे सुभेदार पहिला लागला. गेंदीपुढे शेरा होता: एक डोळा नाही, विचारात घेतली नाही. बारक्यापुढे: हंगामी.

गुरुवारी महादेवरावांनी टांगेवाल्यांना आणि सोडावाल्याला तबेल्यातच चहा आणि पावशेर पावशेर भजी दिली. भजी संपता संपता यादी पुढे केली. दोघांनी सही केली, तिघांनी अंगठा दिला. एकाला वाटले नळासाठी अर्ज आहे. धोंडबाने मात्र विचारले, "याच्यात काय लिवलं आहे गा जमादार?"

"लोळाचा नंबर."

"आमचा का घोड्यायचा?"

"घोड्यायचा."

"मंग ठीक आहे," म्हणून धोंडबाने अंगठा दिला आणि शेवटचे भजे उचलले.

महादेवरावांनी एक प्रत खळीने दारावर चिकटवली. रंभाबाई लीद भरलेली टोपली डोक्यावर घेऊन आली, कागदासमोर थांबली. तिला वाचता येत नव्हते.

"काय आहे हे?"

"क्रम ठरला बाई. पाचही जणांच्या सह्या आहेत. आता यात बदल नाही."

"गेंदीची आहे का सही?"

"जनावराची सही राहते का?"

"मंग तिले वाचून तरी दाखवा," रंभाबाई म्हणाली आणि टोपली घेऊन गेली.

शुक्रवार, २१ जानेवारी. ताटी निघून एक दिवस झाला होता. रंभाबाईचा बेत असा होता की आधी चार दिवस सुभेदार आणि बारक्या या दोघांनाच दुपारी आवारात सोडायचे. पण त्या संध्याकाळी ती बागवाल्याकडे पैसे आणायला गेली होती. महादेवरावांनी यादीप्रमाणे काम सुरू केले. त्यांनी लाल पट्टा घातला नव्हता, तो कचेरीत जमा झाला होता. पण उभे तसेच राहिले. आधी सुभेदाराला आत नेले, वाळूपर्यंत नेले आणि दावे सोडले. सुभेदाराने वाळू हुंगली, गुडघे टेकले आणि दहा दिवसांची खाज एकदम काढायला पाठीवर पडला. मी भिंतीशी उभा होतो. खरे सांगायचे तर मलाही बरे वाटले. टाइप केलेले काम झालेले पाहायला मिळणे आमच्या खात्यात दुर्मीळ होते.

मग बाकीच्यांची दावी सुटली. गेंदी दारातून आत आली आणि थांबली. तिने मान वळवून चांगला डोळा वाळूकडे केला. कान मागे चिकटवले. घाई केली नाही. ती चालत गेली आणि पाठीवर पडलेल्या सुभेदाराच्या मांडीला चावली. तो धडपडत उठतो न उठतो तोच ती फिरली आणि मागच्या दोन्ही पायांनी त्याला अशी लाथ घातली की आवाज रस्त्यापर्यंत गेला. सुभेदार पळाला. बाकीचे तीन घोडे आतापर्यंत बघ्याची भूमिका घेऊन होते. आता त्यांनाही आपापली मते असल्याचे आठवले. आवाराला दोन फेऱ्या झाल्या. सुभेदार कोपऱ्यात अडकला.

तेव्हा महादेवराव मध्ये शिरले. उजवा हात वर, पंजा उघडा, तेहतीस वर्षे कारखानदारांना थांबवणारा. "थांबा! नंबरानं! नंबरानं!"

गेंदीने त्यांना लाथ मारली नाही. हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तिने फक्त छातीने बाजूला सारले, आणि बाजूला रंभाबाईचा आठवड्याचा लिदीचा ढीग होता.

धोंडबाने घोडी आवरली. सुभेदाराच्या मागच्या पायावर नारळाएवढी सूज आली होती आणि कातडे चार बोटे फाटले होते. महादेवराव ढिगातून उठले आणि आधी खिसा चाचपला. यादीची प्रत कोरडी होती.

"धोंडबा, मी अर्ज करीन. तुझ्या घोडीविरुद्ध. लेखी."

"करा ना बाप्पा," धोंडबा म्हणाला. "पण मोठ्या अक्षरात करा. तिले एकाच डोळ्यानं दिसते."

त्या दिवसानंतर सुभेदार चारा सोडून उभा राहू लागला. कोणी जवळून गेले तरी थरथरे. हळदीचा लेप लावायलाही उभा राहीना. मुदतीचे बारा दिवस उरले होते. रंभाबाईने महादेवरावांना सरळ सांगितले, "तुमी आत याचं नाही. आले तं घोडा आजच न्या." महादेवराव घरी बसले. रुपरावचे दुसरे पत्र आले होते: दुकानात नवीन गादी टाकली, गिऱ्हाईक वाढले, चपलाही वाढल्या. महादेवरावांनी ते पत्र मला दाखवले नाही. त्यांच्या बायकोने, प्रेमिलाबाईंनी दाखवले.

प्रेमिलाबाई तोवर या गोष्टीत कुठेच नव्हत्या. घोडा घेताना त्यांना विचारलेले नव्हते, त्यामुळे घोड्याबद्दल त्यांचे काही वाकडे मत झालेले नव्हते. सोमवारी त्या पदरात गुळाचा खडा बांधून स्वतः तबेल्यात गेल्या. मी हळदीची पुडी पोचवायला गेलो होतो. त्यांनी घोडा मानेपासून खुरापर्यंत पाहिला. मग रंभाबाईला म्हणाल्या,

"हे तं माह्यासारखंच झालं वं."

"कसं?"

"मी लग्न होऊन आली तं चार जावा होत्या. मी पाचवी. पहिल्या दिवशी चुलीजवळच्या पाटावर बसली. मोठीनं हातातून पळी घेतली अन् असं पाह्यलं, असं पाह्यलं... दोन दिवस जेवली नाई मी."

"मंग?"

"मंग काय. भिंतीले टेकून बसली. सगळ्यायचं झालं की जेवली. चवथीशी बोलली आधी, तिचंही कोणी ऐकत नव्हतं. सहा महिन्यांत मोठी स्वतः म्हणे, प्रेमिला, भाकरी टाक." त्यांनी गुळाचा खडा सोडला, पण तो सुभेदाराला दिला नाही. त्यातला तुकडा आधी बारक्याला दिला. "मले कोणी यादी नव्हती दाखवली."

रंभाबाईने दुसऱ्या दिवसापासून त्यांना सकाळ-संध्याकाळ यायला सांगितले. दोघींनी बारक्या आणि सुभेदार दुपारी एकत्र सोडले. बारक्याला भांडण करण्याची उंचीच नव्हती. दोघे एका ढिगाला तोंड लावू लागले. मग दोघांत एक तांबडी घोडी सोडली, मग आणखी एक. हौदावर सुभेदाराला सगळ्यांचे झाल्यावर नेले. २९ तारखेला गेंदी आवारात आली तेव्हा सुभेदार मान खाली घालून स्वतःच बाजूला सरकला, ओठ चघळल्यासारखे करीत. गेंदीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. रंभाबाई म्हणाली, "झालं. पाह्यलं नाही म्हणजे घेतलं."

त्या संध्याकाळी पाचही लोळून झाले. बारक्यासुद्धा. मग सुभेदार गेला, वाळू हुंगली, इकडेतिकडे पाहिले आणि लोळला. उठला, अंग झाडले आणि बारक्याच्या मानेवर मान टाकून उभा राहिला.

मी ही आनंदाची बातमी महादेवरावांना सांगितली. ती सांगायला नको होती.

"शेवटी? सोडावाल्याच्या टट्टूच्याही मागून?"

"पण खाऊन राहिला ना आता. ठेवून घेते म्हणते रंभाबाई."

"मालगुजाराचा घोडा सहाव्या नंबरवर," ते म्हणाले आणि उठून उभे राहिले. "विकीन, पण हे पाहणार नाही."

२ फेब्रुवारीला मुदत संपत होती. संध्याकाळी महादेवराव धुतलेली टोपी घालून, खांद्यावर नवे दावे टाकून तबेल्यात आले. रंभाबाई, प्रेमिलाबाई, धोंडबा आणि मी, सगळे होतो. रंभाबाई म्हणाली, "या जमादार. तुमचं जनावर मिळालं. जागा पक्की."

"जागा तुमालेच ठेवा बाई. मी घोडा घेऊन चाललो."

"कुठं?"

"विकाले. अपमानाची जागा नाही पाह्यजे मले."

महादेवरावांनी दावे अडकवले आणि घोड्याला दाराकडे ओढले. तबेल्याच्या मध्यापर्यंत तो आला. मग त्याच्या लक्षात आले की बाकीचे येत नाहीत. त्याने चारही पाय रोवले. महादेवरावांनी ओढले. त्याने मान लांब केली, पण पाय उचलला नाही. मागून बारक्या खिंकाळला. सुभेदार खिंकाळला. हौदाशी पाणी पीत असलेल्या गेंदीने तोंड वर करून एकदा पाहिले आणि पुन्हा पाण्यात घातले.

"अगा, लय जीव लावला बाप्पा यानं," धोंडबा म्हणाला.

महादेवरावांनी दावे खांद्यावर घेऊन बैलासारखे ओढले. टोपी पडली. मागच्या पायाची सूज उतरली होती, पण डाग राहिला होता, आणि त्या पायावर जोर देऊन घोडा तिरका उभा होता. तीन आठवड्यांपूर्वी या दारातून आत यायला जेवढा नाही म्हणाला होता, त्याच्या दुप्पट आता बाहेर जायला नाही म्हणत होता.

"सोडा त्याले," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"सोडत नाही."

"बरं. मंग असं करा. त्याचं ठिकाण झालं आहे, थो येत नाही. तुमी एकटेच जा उमरेडले. मी इथंच राहते रंभाबाईजवळ, दोन वक्त याले पाणी दाखवीन. जावयाले सांगजा, सासू नाही आली, पण चपलांची काळजी नको."

तबेल्यात कोणी हसले नाही. धोंडबासुद्धा जमिनीकडे पाहत होता. महादेवरावांनी दावे सैल सोडले. सुभेदार वळला आणि आपल्या शेवटच्या ठाणावर जाऊन उभा राहिला. महादेवरावांनी टोपी उचलली, झटकली, घडी नीट केली. ते काहीतरी म्हणणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. काही म्हटल्याशिवाय ते दारातून बाहेर पडूच शकले नसते.

"बाबूजी," ते मला म्हणाले, "आगगाडीत गार्डाचा डबा कुठं राहते?"

"शेवटी."

"अन् त्याच्या झेंडीबिगर गाडी सुटते का?"

"नाही सुटत."

"तेच म्हणतो मी." ते रंभाबाईकडे वळले. "ठीक आहे बाई. सुभेदाराले गार्डाची ड्यूटी समजा. शेवटी कोणी तरी जबाबदार पाह्यजेच."

"हो ना बाप्पा," रंभाबाई म्हणाली. "अठरा रुपये काढा."

पुढे जवळजवळ नऊ वर्षे त्यांनी टांगा चालवला. स्टेशनच्या अड्ड्यावर टांगे रांगेने लागत. महादेवराव रोज शेवटचे येत आणि आपण गार्ड असल्याचे नव्या टांगेवाल्यांना समजावून सांगत. टांगेवाले ऐकून घेत आणि त्यांचे गिऱ्हाईक पळवत. संध्याकाळी घोडे लोळायच्या वेळी ते तबेल्याच्या बाहेर दगडावर, आवाराकडे पाठ करून, वर्तमानपत्र वाचीत बसत. आत प्रेमिलाबाई असत. गेंदी १९७५ मध्ये मेली. तिच्यानंतर पहिले कोण लोळते, हे मी विचारले नाही. महादेवरावांनी सांगितले नाही, यावरून सुभेदार नसावा.

४ नोव्हेंबर १९८० रोजी मी मुंबईहून आलो. स्टेशनबाहेर रिक्षा बऱ्याच होत्या आणि टांगे चार. चवथा त्यांचा होता. मी त्यात बसलो म्हणून पहिले तिघे मला बोलले. धंतोलीपर्यंत भाडे सव्वातीन रुपये ठरले. वाटेत त्यांनी सांगितले की हात दुखतो, महिनाअखेर टांगा विकून टाकतो. माझ्याकडे दोन रुपये सुटे आणि एक शंभराची नोट होती. मी दोन रुपये दिले. ते म्हणाले, उरलेले राहू द्या, नंतर द्या. त्यांनी नोव्हेंबरअखेर टांगा विकला. मी दोनदा त्यांच्याकडे गेलो. एकदा ते झोपले होते, एकदा मी विसरलो.

सव्वा रुपया देणे आहे.